तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हिस डॉगचं कार्ड कुठे मिळतं?

फोन जालन्याहून येवो, उदगीरहून येवो की किनवटहून, प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, सर्व्हिस डॉगचं कार्ड काढायचंय. कुठे मिळतं, किती दिवस लागतात?" मी दृष्टिहीनांना पांढऱ्या काठीने चालायला शिकवते आणि ज्यांच्याकडे शिकवलेला मदतनीस कुत्रा, म्हणजे सर्व्हिस डॉग आहे त्यांच्यासोबत रस्त्यावर उतरते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणाऱ्यांपैकी काहींना लाडका कुत्रा सोसायटीच्या लिफ्टमधून किंवा रेल्वेच्या डब्यातून न्यायचा असतो. त्यांना माझं उत्तर 'नाही' असं आहे आणि त्यावर चर्चा नाही. पण काहींच्या घरात खरोखरच न दिसणारं, ऐकू न येणारं किंवा व्हीलचेअरवरचं माणूस असतं आणि कुत्रा त्याचं रोजचं काम करत असतो. त्यांच्याशी दर वेळी तेच सगळं पहिल्यापासून बोलावं लागतं. गेटवरचे सुपरवायझरही मलाच ऐकवतात, "कार्ड असलं की आम्ही सोडतो, मॅडम. कार्डच नसतं." म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

असं कार्ड देणारं सरकारी कार्यालय भारतात नाही. सिव्हिल हॉस्पिटलात नाही, समाजकल्याणमध्ये नाही, पशुसंवर्धन खात्यात नाही. महापालिका पाळीव कुत्र्याचा परवाना आणि बिल्ला देते, पण त्यातून एवढंच कळतं की हा कुत्रा कुणाचा आहे. गायी-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला आणि बारा आकडी क्रमांक असतो, तसा कुत्र्याचा काढून द्या, असंही खेड्यातून विचारतात. तो पशुधनासाठी आहे, कुत्र्यासाठी नाही. तेव्हा 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड सर्व्हिस डॉग' असं छापलेलं कार्ड तुम्हाला कुणी विकत असेल, तर ते खोटं आहे. ते किती महाग होतं किंवा त्यावर किती होलोग्राम चिकटवलेत, याने काही फरक पडत नाही.

आधार आहे तो माणसाच्या हक्कात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात भेदभावाला मनाई आहे, वाजवी सोय करून देण्याची जबाबदारी आहे, वाहतूक आणि सार्वजनिक जागा सुगम करण्याचं बंधन आहे. सहायक कुत्र्याची व्याख्या, नोंदणी किंवा कार्ड त्यात नाही. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला. त्याच्या विसाव्या अनुच्छेदात चालण्या-फिरण्याच्या साधनांच्या जोडीला 'सजीव साहाय्य' असा उल्लेख येतो. गाईड डॉगची बाजू मांडताना मी तिथून सुरुवात करते. कुत्रा हे माझ्या विद्यार्थ्याचं साधन आहे, काठीसारखं. काठीचं कार्ड आजवर कुठल्याही गेटवर कुणी मागितलेलं नाही.

आता लगेच कुणीतरी मला अमेरिकेतल्या कार्डाचा फोटो पाठवेल. तिथल्या कायद्यात तर कार्ड मागायलाच परवानगी नाही. दुकानातला माणूस दोनच गोष्टी विचारू शकतो: दिव्यांगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. पैसे घेऊन 'नोंदणी' करून देणाऱ्या तिथल्या वेबसाइटींच्या कार्डांना तिथलं न्यायखातं पुरावा मानत नाही. विमानासाठी जानेवारी २०२१ पासून वेगळा फॉर्म आहे आणि त्यातही कुत्र्याचं प्रशिक्षण, लस आणि वर्तन यांची जबाबदारी हँडलर, म्हणजे ज्याच्यासाठी कुत्रा काम करतो तो माणूस, सही करून घेतो. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्था आपल्या हँडलरना ओळख-पुस्तिका देतात, पण प्रवेशासाठी ती कायद्याने लागत नाही. जपानमध्ये २००२ च्या कायद्याने कुत्र्यावर खूण आणि माणसाजवळ दाखला लागतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात २००९ चा कायदा आहे आणि त्याखाली हँडलरला ओळखपत्र मिळतं. जपान आणि क्वीन्सलँडच्या कार्डाला वजन आहे, कारण कार्डाच्या आधी कुत्र्याची परीक्षा होते आणि ती घेणारा कुणीतरी कायद्याला उत्तरदायी असतो. आपल्याकडे ती परीक्षा घेणारं सरकारी कुणी नाही, म्हणून कार्डही नाही. परीक्षेशिवाय छापलेलं कार्ड म्हणजे नुसती छपाई.

एवढं सांगून मी पूर्वी थांबत असे. "कार्डाच्या नादी लागू नका, यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि कायद्याची प्रत जवळ ठेवा," हे माझं ठरलेलं उत्तर होतं. आता जे सांगतेय ते माझ्या एका विद्यार्थ्याबाबत घडलं. त्याच्या परवानगीने, नाव-गाव न घेता लिहितेय.

तो परभणी जिल्ह्यातला, पूर्ण दृष्टिहीन, संगीत शिकवणारा. कुत्रा काळा लॅब्रॅडोर, खासगी प्रशिक्षकाकडून शिकवून घेतलेला. कडेला थांबणं, पायरी दाखवणं, डोक्याच्या उंचीवरच्या अडथळ्याला वळसा घालणं, 'चल' म्हटलं तरी पुढे खड्डा असेल तर न हलणं, हे सगळं त्याला येत होतं. मायचं ऑपरेशन ठरलं होतं, जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात. जाण्याआधी पुण्याच्या दाजींनी त्याच्यासाठी ऑनलाइन कार्ड मागवलं. हेतू चांगलाच होता. दाजींचं म्हणणं होतं की मॅडमचे कायद्याचे कागद गेटवर वाचणार कोण? तिथे गळ्यात अडकवायला काहीतरी लागतं.

कार्ड दिसायला भारी होतं. सोनेरी कड, अशोकस्तंभ, इंग्रजीत 'नॅशनल सर्व्हिस डॉग रजिस्ट्री', लांबलचक नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड. गेटवरच्या वॉचमनला ते पुरलं असतं. पण त्या दिवशी गेटवर सुपरवायझर होते आणि सरकारी कागद हाताळण्यात त्यांची उमर गेलेली. त्यांनी विचारलं, "हे कोणत्या खात्याचं?" याला सांगता येईना. त्यांनी क्यूआर मोबाइलवर धरला. पट्टे आणि कुत्र्याचं खाणं विकणाऱ्या दुकानाचं पान उघडलं. मग आवाज चढला. अशोकस्तंभ छापायची परवानगी कुणी दिली, पोलिसांना बोलवू का, इथून सुरू होऊन बोलणं तिथे पोचलं जिथे ते कधीच पोचायला नको होतं: "कार्ड खोटं, तर आंधळेपण खरं कशावरून?" त्यांनी त्याच्या तोंडापुढे हात हलवून पाहिला. मग नोट धरली आणि विचारलं, किती रुपयांची आहे ते सांग. भोवती रांगेतली माणसं उभी होती.

त्याच्या शर्टाच्या खिशात यूडीआयडीचं निळं कार्ड होतं. निळं म्हणजे ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व. चाळीस ते ऐंशीला पिवळं, चाळीसच्या खाली पांढरं. त्याने ते काढून पुढे केलं. कुणी हातात घेतलं नाही. पहिलं कार्ड खोटं निघाल्यावर दुसरं खरं असू शकतं, हे ऐकायला तिथे कुणी तयार नव्हतं. लसीकरणाची पुस्तिका पिशवीत होती, ती उघडायची वेळच आली नाही. आणि या सगळ्या वेळात कुत्रा त्याच्या डाव्या पायाशी पोट टेकून पडून होता. भुंकला नाही, हुंगला नाही, कुणी शेपटीवरून गेलं तरी उठला नाही. शिकवलेल्या कुत्र्याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

शेवटी कुत्र्याला जनरेटरच्या खोलीमागे बांधायला लावलं. वॉर्डबॉयने याचं मनगट धरून ओढत काउंटरपर्यंत नेलं. दृष्टिहीन माणसाला कधीही असं धरायचं नसतं, त्याने आपला दंड धरायचा असतो. तो आयसीयूत किंवा ऑपरेशन थिएटरात कुत्रा न्या म्हणत नव्हता. त्याला काउंटर, प्रतीक्षेची जागा आणि संमतीपत्रावर सही, एवढंच हवं होतं. उन्हाळ्याचे दिवस होते. सिमेंटच्या फरशीवर कुत्र्याचे पंजे भाजले, फोड आले. ते बरे होईपर्यंत त्याला कामाला लावता आलं नाही, आणि बरे झाल्यावरही दवाखान्यासारख्या गेटपाशी आला की तो मागे सरायला लागला. ही भीती काढायला नव्याने मेहनत घ्यावी लागली.

त्याहून वाईट भाग पुढचा आहे. आम्ही तक्रार लिहायला बसलो. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला तर त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोट दाखवून परीक्षा घेतली, ती सगळ्यांसमोर घेतली, साक्षीदार होते. तक्रार चांगली उभी राहत होती, पण दुसऱ्या परिच्छेदात कार्डाचा उल्लेख आला आणि आम्ही अडलो. राज्यचिन्हाचा अनुचित वापर रोखणारा २००५ चा कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कार्ड विकणारा कुठे बसलाय कुणाला ठाऊक. पण ते गळ्यात घालून फिरणारा समोर होता. समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार होता. घरच्यांनी म्हटलं, राहू द्या. त्याने तक्रार मागे ठेवली. ज्याचा अपमान झाला त्याला गप्प बसावं लागलं, आणि त्याला गप्प बसवलं ते त्या कार्डाने. त्याचा राग मला अजून आहे.

"मग आता तुम्ही स्वतःच कार्ड कशी बनवून देता?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. हो, देते. कार्डाच्या नादी लागू नका म्हणणारी तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, हक्काला गेटपास लावलास की गेटवरचा माणूस उद्या पास नसलेल्याला हाकलेल. ज्याच्याकडे तुझं कार्ड नाही, त्याचं काय? तिचं बरोबर आहे. पण कायद्याची प्रत उन्हात उभं राहून कुणी वाचत नाही, हे दाजींचं म्हणणंही बरोबर होतं. माणसाला गेटवर काहीतरी हातात द्यावं लागतं. ते दिलं नाही तर तो बाजारातून आणतो, आणि बाजारात अशोकस्तंभ मिळतो. म्हणून मी कार्ड देते, पण ते खोटं काही बोलणार नाही असं.

त्यावर सगळ्यात ठळक ओळ अशी असते: 'हे ओळखपत्र शासकीय नाही.' नावाएवढ्याच आकाराच्या अक्षरांत. लोक नाराज होतात. "ही ओळ काढा ना मॅडम, मग कार्डाला काय किंमत राहिली?" किंमत तीच ओळ देते. ती वाचल्यावर 'कोणत्या खात्याचं?' हा प्रश्नच संपतो आणि बोलणं खऱ्या मुद्द्यावर येतं. त्याखाली हँडलरचं नाव, कुत्र्याचं नाव, आणि काम एका वाक्यात: 'दृष्टिहीन व्यक्तीला मार्ग दाखवतो' किंवा 'आवाजाची सूचना देतो'. मग मायक्रोचिपचा क्रमांक, पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक, मुदत. आधार क्रमांक नाही, पूर्ण पत्ता नाही, आजाराचं नाव नाही. गेटवरच्या माणसाला तुमचा आजार कळण्याची गरज नाही. राज्यचिन्ह नाही, 'रजिस्टर्ड' हा शब्द नाही, पोलिसी तारा नाही. रेड क्रॉसचं चिन्हही नाही. त्याचा परवानगीशिवाय वापर १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने बंद आहे, हे पुष्कळ छपाईवाल्यांना माहीत नसतं.

पुढची बाजू मराठीत आणि मागची हिंदी-इंग्रजीत. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत येतो. तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी पुष्कळांना मराठीपेक्षा हिंदी-इंग्रजी वाचायला सोपं जातं. नुसतं मराठी कार्ड फलाटावर अडतं आणि नुसतं इंग्रजी कार्ड एसटी स्टँडवर.

आकार एटीएम कार्डाचा: ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, जाडी पाऊण मिलिमीटर. यापेक्षा मोठं केलं तर पाकिटात मावत नाही, मग ते घरी राहतं. झेरॉक्सच्या दुकानात दोन पद्धती असतात. ड्रॅगन शीटवर (कार्डासाठीच्या प्लॅस्टिक शीटवर) इंकजेटने छापून मशीनमध्ये चिकटवतात, ते स्वस्त. पण कडा नीट दाबल्या नाहीत तर घामाने थर सुटतात आणि शाई पसरते. थर्मल प्रिंटरवर थेट पीव्हीसीवर छापलेलं जास्त टिकतं. दुसरी पद्धत घ्या. आणि कोणतंही पीव्हीसी कार्ड मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका, वाकतं.

फोटो दोघांचा एकत्र हवा. माणसाचा वेगळा आणि कुत्र्याचा वेगळा लावला तर 'हा कुत्रा याच माणसाचा' हे दिसत नाही. काळ्या कुत्र्याचा फोटो हमखास बिघडतो: नुसता काळा डाग येतो, नाहीतर फ्लॅशने डोळे चमकतात. सकाळी सावलीत, फिक्या रंगाच्या भिंतीपुढे, फ्लॅश बंद करून काढा. फोन कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, उजेड थोडा वाढवा, अंगावर हार्नेस असू द्या.

हँडलर दृष्टिहीन असेल तर कार्डाची पुढची बाजू त्याला हाताने कळली पाहिजे. वरच्या उजव्या कोपऱ्यात पंचने अर्धगोल खाच पाडतो. खाच उजवीकडे वर लागली की कार्डाची पुढची बाजू आपल्याकडे आणि सरळ आहे, हे कळतं. ब्रेल थेट पीव्हीसीवर उमटवायला जाऊ नका, ठिपके दबतात किंवा कार्डाला चीर जाते. पारदर्शक चिकटपट्टीवर पाटी-शलाकेने ब्रेल काढून ती पट्टी कार्डावर लावायची. एका ब्रेल अक्षराला साधारण सहा मिलिमीटर लागतात, म्हणजे ओळीत जेमतेम तेरा अक्षरं. एक शब्द पुरे, यूडीआयडीपासून हे कार्ड वेगळं ओळखण्यापुरता.

क्यूआर कोडबद्दल सगळे आग्रह धरतात. द्या, पण त्यात कुठल्याही वेबसाइटचा दुवा नको, साधा मजकूर भरा: तोच चिप क्रमांक, तीच नावं, पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक. दुवा असला की नेटवर्क लागतं, आणि दवाखान्याच्या तळघरात ते नसतं. शिवाय वेबसाइट बंद पडते किंवा दुसऱ्याच्या हाती जाते. कोड किमान दोन सेंटिमीटर चौरस ठेवा, भोवती कोडातल्या चार बारक्या चौकोनांएवढी कोरी जागा सोडा. त्रुटी-सुधाराची पातळी 'क्यू' निवडा. मग कोडाचा पंचवीस टक्के भाग खरवडला गेला तरी वाचता येतो.

मायक्रोचिप हा सगळ्यात भक्कम धागा आहे आणि त्याबद्दलच गैरसमज जास्त. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेमागे दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने घालतात. तिच्यात बॅटरी नसते, जीपीएस नसतं, कुत्रा हरवला तर ती ठिकाण सांगत नाही. रीडर काही सेंटिमीटरवर धरला की पंधरा आकडे दिसतात, बस. १३४.२ किलोहर्ट्झची, आंतरराष्ट्रीय मानकाची चिप मागा, नाहीतर दुसऱ्या गावच्या रीडरला ती वाचता येत नाही. घालण्याआधी रीडरवर तपासून घ्या, घातल्यावर पुन्हा, आणि दर वर्षी लसीच्या वेळी एकदा, कारण ती कधीकधी खांद्याकडे सरकते. तालुक्याच्या दवाखान्यात रीडर असेलच असं नाही, आधी फोन करून विचारा. तो क्रमांक लसीकरण पुस्तिकेत पशुवैद्यकाच्या हाताने लिहून घ्यायचाच. पुस्तिकेत नुसतं 'काळा लॅब, नर' असेल तर ती गावातल्या कुठल्याही काळ्या लॅबची असू शकते.

कार्डाची मुदत मी रेबीजच्या पुढच्या डोसाच्या तारखेला संपवते. पिल्लाला पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, नंतर दर वर्षी. पुस्तिकेत लसीच्या बाटलीवरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर, तारीख, पुढची तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक, ही पाचही हवीत. स्टिकर आहे आणि सही नाही, हा दोष मला सगळ्यात जास्त आढळतो. गेटवर कुत्र्याला अडवणाऱ्याची खरी भीती बहुतेक वेळा चावण्याची आणि रेबीजची असते, आणि ती भीती रास्त आहे. तिला कार्डाने उत्तर देता येत नाही, पुस्तिकेने देता येतं.

कार्डाआधी मी कुत्रा पाहते. एसटी स्टँडवर, बाकाखाली, अर्धा तास. हॉर्न, कुल्फीवाल्याची घंटा, पुढ्यात पडलेला वडापावचा तुकडा, अंगावर धावून येणारं मोकाट कुत्रं. खाण्याकडे झेपावला, प्रवाशाला हुंगायला गेला, गुरगुरला, आत घाण केली, तर कार्ड नाही. घरच्यांनी कितीही गळ घातली तरी नाही. लातूरकडून पश्मी आणि कारवानी या शिकारी कुत्र्यांच्या जातींबद्दल विचारणा होते. देखणी, तिखट जनावरं आहेत. पण पिढ्यानपिढ्या धावत्या शिकारीमागे सुटण्यासाठी जोपासलेली. रस्त्यात मांजर पळालं तर न दिसणारा माणूस त्या पट्ट्याच्या टोकाला असतो. जातीवर मी फुली मारत नाही, पण स्टँडवरची परीक्षा सगळ्यांना सारखीच. आणि 'तो जवळ असला की बरं वाटतं' हे काम नव्हे. बरं वाटणं खरं असतं, मी ते कमी लेखत नाही. पण सर्व्हिस डॉग म्हणजे शिकवलेलं, दाखवता येणारं काम.

कार्ड कुत्र्याच्या गळ्यात लटकवू नका. ते दारात, बाकात अडकतं आणि फास बसतो. हार्नेसवर कामाची पट्टी पुरे, तीसुद्धा जाळीच्या कापडाची. जाड जॅकेटात आपल्याकडच्या उन्हात कुत्रा तापतो.

गेटवर सगळ्यात शेवटी काढायची वस्तू म्हणजे हे कार्ड. आधी तोंडाने सांगा: "हा माझा गाईड डॉग. मला रस्ता दाखवतो. मला काउंटरपर्यंत जायचंय." मग यूडीआयडी. मग लसीची पुस्तिका, मायक्रोचिपच्या पानावर खूण करून. मग कार्ड. हा क्रम उलटा केला की काय होतं ते वर सांगितलंय. समोरच्याला कुत्र्याची भीती असेल, किंवा धर्माने स्पर्श चालत नसेल, तर कुत्र्याला आपल्या डाव्या बाजूला आडोशाला घ्या. त्यात तुमचा हक्क कमी होत नाही. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, भाजलेल्यांचा वॉर्ड, स्वयंपाकघर इथे हट्ट धरू नका. नकार मिळाला तर नाव, हुद्दा आणि कारण विचारून लिहून घ्या.  मग तक्रार पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे.

एसटीत कंडक्टरशी दारात वाद घालू नका. गाडी लागायच्या आधी वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर जा, त्यांच्याकडून कंडक्टरला सांगवून घ्या. कुत्रा तुमच्या पायांमध्ये सीटखाली, वाटेत नाही. बाजाराच्या दिवशी ती गाडी टाळा. रेल्वेचा सर्वसाधारण नियम कडक आहे: कुत्रा सोबत फक्त फर्स्ट क्लासच्या पूर्ण आरक्षित केलेल्या कूपेत (दोन बर्थच्या खोलीत) किंवा केबिनमध्ये, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, आणि आपल्याकडच्या कित्येक गाड्यांना फर्स्ट एसीचा डबाच नसतो. माझं कार्ड दाखवून स्लीपरमध्ये बसता येईल असं मी कुणालाही सांगत नाही. पार्सल ऑफिसात आधी लेखी विचारा. विमानात गाईड डॉग केबिनमध्ये नेता येतो. कंपन्या साधारणपणे प्रशिक्षणाचा दाखला, लसीकरण, पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, हार्नेस आणि तोंडाची जाळी मागतात. तिकीट काढतानाच कळवा.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की सोबतीचा माणूस शासनाला चांगला कळतो. एसटीत आणि रेल्वेत दिव्यांग प्रवाशाच्या साथीदाराला सवलत आहे, आणि त्या साथीदाराला कुणी प्रशिक्षणाचा दाखला विचारत नाही. ज्या माणसाने साथीदाराविना, स्वतःच्या पायाने जाण्यासाठी कुत्रा शिकवून घेतला, त्याला मात्र प्रत्येक दारात पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं.

मग सरकारनेच कार्ड काढावं का? कधी वाटतं, हो. परीक्षा, परीक्षक, चिप, सगळं नियमात बसवा, म्हणजे अशोकस्तंभ छापणारे बंद होतील. लगेच ती जुनी मी म्हणते, परीक्षा कुठे घेणार, पुण्या-मुंबईत? किनवटच्या मुलीने कुत्रा घेऊन तिथवर कशी जायची, जेव्हा कार्डाशिवाय गाडीतच घेणार नाहीत? दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिलच्या शिबिरात लोकांचे जे हाल होतात ते पाहिल्यावर आणखी एक रांग कुणासाठी मागायची? घरीच शिकवलेल्या कुत्र्याचं काय? आणि एकदा सरकारी कार्ड आलं की माझ्या 'शासकीय नाही' लिहिलेल्या कार्डाकडे कुणी पाहील का? यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यक, दिव्यांग विभाग आणि चालायला शिकवणारा प्रशिक्षक असे तिघे मिळून कुत्रा पाहतील, एवढं तरी व्हावं असं वाटतं. पण त्यांनी नाही म्हटलं तर अपील कुणाकडे, इथे मी पुन्हा अडते.

तोवर ज्यांना हवं त्यांना मी देते. फोन करण्याआधी एवढं तयार ठेवा: यूडीआयडी, चिप क्रमांक लिहिलेली आणि सही असलेली लसीची पुस्तिका, प्रशिक्षण कुणी आणि काय दिलं ते प्रशिक्षकाच्या सहीने, दोघांचा एकत्र फोटो. आणि कुत्र्याला सोबत आणा. सकाळी नऊच्या गर्दीत, एसटी स्टँडवर.